सुईणीचं तिसरं पुस्तक

माझी तीन पुस्तकं छापली गेली आहेत. तिन्हींची नायिका एकच, सत्तेचाळीस वर्षांची एक सुईण. पेशवाई नुकतीच बुडालेली, कंपनी सरकारचा अंमल बसू लागलेला, अशा दिवसांत ती पेणच्या खाडीकाठच्या गावांतून हिंडते आणि खुनांचा छडा लावते. अंगाने स्थूल, दातांना सदा मिशरी, नवरा परागंदा. बाळंतपणाच्या निमित्ताने तिला कोणाच्याही माजघरात शिरता येतं आणि तिथे शिरलं की तिला अर्धा गुन्हा कळतो. वाचकांना ती आवडली ती मुख्यतः तिच्या बोलण्यामुळे. ते बोलणं माझं नव्हतं. ते आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंचं होतं.

मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवते. लग्न केलं नाही, आईवडील गेल्यावर घरात एकटीच राहिले, आणि चाळिशीनंतर लिहायला लागले. शिपाईबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मुलं तिला मावशी म्हणत, आम्ही शिक्षकही मावशीच म्हणायचो. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात तिचं घर होतं. माहेर आणि सासर दोन्ही मिठागरावरचं. मुलगा चार वर्षांचा असताना तिचा नवरा खाडीत जिताडा मासा धरायला गेला तो परत आला नाही. बांधाच्या उघाडीपाशी, जिथून भरतीचं पाणी आत घेतात तिथे, होडी उलटी सापडली. माणूस सापडला नाही. गावाने चार दिवस शोधलं आणि मग बुडाला असं धरलं. तिने कुंकू पुसलं आणि पुढे ओळखीने शाळेत लागली. घरात ती, मुलगा आणि सासू.

पहिल्या पुस्तकाचे कागद मी शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर विसरले होते. दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना ती म्हणाली, "बाई, हे तुमी लिवलंव?"

मी ओशाळून हो म्हटलं.

"ही सुईन मुडदा बघून चक्कर येऊन पडते?"

"घाबरली ना ती."

"सुईन हाय ना? रगत बघून बघून तिचा जनम गेला. मेलेला मानूस तिचं काय वाकडं करनार हाय? भ्यायचं ते जित्त्यांना."

मी ते पान फाडलं आणि तिला म्हटलं, पुढचंही वाचा. ती म्हणाली, मला वाचायला वेळ कुठला, तुम्ही वाचून दाखवा. तेव्हापासून शाळा सुटली की आम्ही मागच्या पायरीवर बसायला लागलो. ती घरून भिजवलेले वाल डब्यातून आणायची आणि सोलत ऐकायची. खटकलं की हात थांबायचे. ते थांबले की मला कळायचं, इथे काहीतरी खोटं आहे.

पहिल्या पुस्तकात मिठागरावर जकातीचा कारकून मरून पडलेला असतो. तो केव्हा मेला हे सुईणीने कसं ओळखावं, यावर मी आठवडाभर अडले होते. तिने क्षणात सांगितलं. मीठ धरायला लागलं की पाण्यावर दुधासारखी साय येते. पाय पडला की ती मोडते. कडक ऊन असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरते, पण मोडलेल्या जागी जाड-बारीक होते, त्यावरून पाय केव्हा पडला ते ओळखायचं. "बारक्या पोरालाबी कळतं गो," ती म्हणाली, आणि मग एकदम थांबली, कारण ती मला पहिल्यांदाच गो म्हणाली होती. मी म्हटलं, "मग मला का नाही कळलं?" ती म्हणाली, "तू पेनची ना." त्या दिवसापासून आमच्यात अहोजाहो राहिलं नाही.

त्याच पुस्तकात कंपनीचा साहेब सुईणीला विचारतो की तू खरोखर सुईण आहेस याला साक्षीदार कोण. मी तिथे एक लांबलचक बाणेदार उत्तर लिहिलं होतं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढं कशाला? ती बोलंल, सायेब, अख्खा गाव साक्षीदार हाय, पन माझ्यासमोर आला तवा कोनाच्या अंगावर कापड नव्हतं." हे वाक्य वाचून पुण्याच्या प्रकाशकाने मला फोन केला होता. तुमच्या विनोदाला तोड नाही, म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. पण पेणच्या वाचनालयात पुस्तक निघालं तेव्हा तिला व्यासपीठावर बोलावून मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझी सुईण ही इथे बसली आहे. तिची सासू गावातल्या बायकांबरोबर मिनीडोअर रिक्षा करून आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. ऐंशी उलटलेली, नजर अधू. टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावरही तिच्या चालू होत्या.

सासूला वाचता येत नव्हतं. शेजारची अंगणवाडीताई दुपारी तिच्या ओट्यावर बसून तिला पुस्तक वाचून दाखवायची. सुनेचं बोलणं पुस्तकात आलं की म्हातारी इतकी हसायची की ताईला थांबावं लागायचं. दुसरं पुस्तक तिने दोनदा ऐकलं. मला गावच्या पोह्यांचे पापड पाठवले आणि निरोप दिला की सुईणीला एवढ्यात मारू नको.

दुसरं पुस्तक निघाल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेचं स्नेहसंमेलन झालं होतं आणि आम्ही दोघी सतरंज्या गुंडाळत होतो. तिच्या मुलाला नुकतीच धाटावला कंपनीत नोकरी लागली होती, रोह्याजवळ वरश्याला त्याने खोली बघितली होती. मी तिला म्हटलं, सुटलीस बाई तू, सगळं एकटीने निभावलंस. ती गुंडाळलेल्या सतरंजीवर बसली.

"तुना एक सांगते. मनात ठेव."

मी तिच्याजवळ बसले.

होडी सापडल्यानंतर पाचेक वर्षांनी शाळेची सहल गेली होती. मी तेव्हा या शाळेत नव्हते. मुलींबरोबर बाई माणूस हवं म्हणून तिला नेलं होतं. नाशिकच्या अलीकडे हायवेवर गाडी चहाला थांबली. टपरीवर चहा गाळणारा माणूस तिचा नवरा होता. त्याच्यामागे पाटावर एक दोन-तीन वर्षांची मुलगी बसून बिस्कीट खात होती. ही तशीच वळून गाडीत जाऊन बसली. थोड्या वेळाने तो खिडकीखाली आला. हातात चहाचा ग्लास. तिने तो घेतला नाही.

"मंग मना बोलला, बयो हाय?"

"बयो म्हणजे?"

"म्हंजी आई. तो तसाच बोलायचा. मी बोलली, हाय. मंग गाडी सुटली."

"मुलाचं नाही विचारलं?"

"नाय."

तिने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. सासू दर वर्षी पितरांच्या पंधरवड्यात मुलाचं पान वाढायची, कावळा शिवला की समाधानाने जेवायला बसायची. ती म्हणाली, "पोरगा बुडाला येवढं दुख पुरं हाय म्हातारीला. पोरगा जित्ता हाय आन येत नाय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण तो गेला का?" मी विचारलं.

ती उठली. पदर झटकला आणि हसून म्हणाली, "ते मी शोधलं नाय. तुझ्या सुईनीला सांग शोधाया."

हे वाक्य ती नेहमीसारखं बोलली होती. पुढे मी ते परवानगीसारखं वापरलं.

तिसरं पुस्तक अर्ध्यावर आलं होतं आणि जमत नव्हतं. खून होता, संशयित होते, विनोद होते, पण सुईणीचं स्वतःचं काही नव्हतं. एका रविवारी सकाळी बसले आणि एका बैठकीत एक प्रकरण लिहून झालं. सुईण एका साक्षीदाराच्या शोधात घाट चढून जाते. वाटेतल्या धर्मशाळेत पाणी द्यायला जो माणूस पुढे येतो तो तिचा नवरा असतो, जो परागंदा झाला तो मेलाच असं सगळा गाव समजतो. तो तिला एकच विचारतो, "बयो हाय?" ती म्हणते, "हाय." आणि पाणी न पिता चालू लागते.

मी लिहिलेल्यांत ते सगळ्यांत चांगलं प्रकरण होतं. मला तेव्हाच कळलं होतं. हेही कळलं होतं की ते तिला वाचून दाखवायचं नाही. त्या महिन्यात तिने मुलाच्या खोलीचं सामान लावायला रजा घेतली होती आणि प्रकाशक घाई करत होता, ही दोन्ही कारणं खरी होती. पण ती रजेवरून परतल्यावर तिने विचारलं, "सुईन कुठवर आली?" तेव्हा मी म्हटलं, "पाठवून दिलं गं, या वेळी गडबडच झाली." तिचे हात वालांवर चालूच राहिले. माझ्यावर तिचा विश्वास होता.

दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कोण ओळखणार, असं मी स्वतःला समजावलं होतं. पुस्तकात चहाची टपरी नव्हती, हायवे नव्हता, सहल नव्हती. मी सगळं बदललं होतं. फक्त तो शब्द ठेवला होता, कारण तो सुंदर होता.

पुस्तक निघालं. महिन्याभराने एका सकाळी ती प्रार्थनेच्या घंटेआधी माझ्या वर्गाच्या दारात आली. आत आली नाही.

"म्हातारी जेवत नाय," ती म्हणाली.

"बरं नाही का त्यांना?"

"दोन दिस जाले. अंगनवारीवालीने पुस्तक वाचलं. म्हातारीने तेवढंच तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मंग मी घरी गेली तवा मना विचारलं, तो तुना कुठं भेटला?"

माझ्या हातात खडू होता. तो मी कुठे ठेवला आठवत नाही.

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगनार? पुस्तकात काय हाय तेच मना म्हाईत नाय. तू मना वाचून दाखवलंच नाय ना."

मी त्याच दुपारी रजा टाकली. वडखळला मिनीडोअर बदलून तिच्या गावी गेले. ती सोबत आली नाही. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होते. सांगायचं की हे सगळं माझ्या डोक्यातून आलं आहे, कथा आहे, कथेत असं करावं लागतं. मला खोटं बोलायचं होतं आणि मला वाटत होतं की ते मला जमतं.

म्हातारी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मी पायाशी बसले. "आजी," मी म्हटलं, "ते मी मनाने लिहिलंय. खरं काही नाही त्यात."

"व्हय?" ती म्हणाली. "सुईन कुठून आनलीस?"

"तुमच्या सुनेवरून."

"बोलनं तिचं?"

"हो."

"चालनं तिचं? मिठाचं सगलं तिनेच सांगितलं?"

"हो."

"आन नवरा तेवढा तुझ्या मनाचा."

मी हो म्हटलं.  मग ती माझ्याकडे तोंड करून, पण मी नेमकी कुठे आहे हे न दिसणाऱ्या नजरेने, सावकाश सांगू लागली. तिची स्वतःची सासू तिला बयो म्हणून हाक मारायची. तिचा मुलगा बोलायला लागला तेव्हा त्याने आजीचं ऐकून आईला बयोच म्हणायला सुरुवात केली. पुढे पोरं हसायची, पण त्याने सोडलं नाही. "आमच्या गावात सगली आये बोलतात. तुझ्या पुस्तकात पन सगली आयेच बोलतात. मी तिन्ही पुस्तकं ऐकली. बयो येकच मानूस बोलतो. तो सबूद तुना कोनी दिला?"

सुईणीने कुठल्याच पुस्तकात इतक्या नेमकेपणाने कोणाला पकडलं नव्हतं. मी नुसतं आजी म्हटलं, आणि तेच उत्तर झालं.

तिने डोळे मिटले. "कवाची गोष्ट?" एवढंच विचारलं.

"मला नीट माहीत नाही, आजी. सुनेलाच विचारा."

"तिला विचारलं तर ती सांगंल. पन तिला आता दुख नको." मग म्हणाली, "त्याने विचारलं ना पन. बयो हाय का, ते विचारलं."

संध्याकाळी सुनेने तिला सगळं सांगितलं, हे मला नंतर नातवाकडून कळलं. त्यालाही तेव्हाच कळलं. त्याने कंपनीतून सुट्टी काढली, दोन मित्र घेऊन मोटरसायकलींवर नाशिककडे गेला. हायवे रुंद झाला होता. टपऱ्या केव्हाच उठल्या होत्या. त्याने जुन्या हॉटेलांत, पंक्चरवाल्यांकडे विचारलं. वडिलांचा लग्नातला फोटो दाखवत होता, त्यात त्यांच्या डोक्याला मुंडावळ्या होत्या. कोणी ओळखला नाही.

ठरलं होतं की परीक्षा संपल्या की सगळ्यांनी वरश्याला राहायला जायचं. म्हातारीने ऐकलं नाही. तो आला तर या घरी येईल, दुसऱ्या घराचा पत्ता त्याला कोण सांगणार, असं तिचं म्हणणं. म्हणून सूनही राहिली. नातू एकटाच वरश्याला राहायला लागला आणि शिफ्ट बदलली की दोन दिवस गावी येऊन जायचा. त्या भाद्रपदात घरात पान वाढलं नाही. जिवंत माणसाचं पान वाढत नाहीत. म्हातारी सकाळी ओट्यावर बसायची ती दिवे लागेपर्यंत. मिनीडोअर थांबल्याचा आवाज आला की मान वळवायची. आधी तिच्या मुलाला खाडीने नेलं होतं, आणि खाडीशी तिचं कसलं भांडण नव्हतं.

शाळेत शिपाईबाई रोज येत होती. माझ्या टेबलावर चहा ठेवायची, वेळेवर, पूर्वीसारखाच आलं घातलेला. फक्त म्हणायची, "मॅडम, चहा." मी दोनदा, तीनदा तिला गाठून माफी मागितली. पहिल्यांदा ती ऐकून निघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "माफी कशाची, मॅडम? तुमी खोटं तर काय लिवलं नाय." तिसऱ्यांदा मी रडायला लागले, तर तिने मला पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं, मुलांनी बघू नये म्हणून.

मागच्या पायरीवर मी एकटी बसून पाहिलं. चौथ्या पुस्तकाची चार-पाच प्रकरणं लिहिली. सुईण बोलत होती, पण आमच्या मुख्याध्यापकांसारखं बोलत होती. मी ते कागद रद्दीत टाकले.

म्हातारी पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. आजार असा नव्हता. मी बाराव्याला गेले. बायकांत बसले, कोणी मला ऊठ म्हटलं नाही. अंगणवाडीताई माझ्याशेजारी बसून हळू आवाजात पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "मना काय म्हाईत बाई, मी तर हसत हसत वाचत होते." मी तिचा हात धरून ठेवला. तिची काहीच चूक नव्हती आणि तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर शिपाईबाई वेळेआधीच नोकरी सोडून वरश्याला गेली. निरोपसमारंभाला आली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी वरश्याला गेले. रोह्याच्या स्टँडवरून रिक्षा केली. नव्या इमारती, प्रत्येकीखाली कंपनीच्या शिफ्टवरून आलेल्या मोटरसायकली. दार तिनेच उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. मुलाचं लग्न झालं होतं, सून कामावर गेली होती. तिने मला खुर्ची दिली, चहा केला, आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. मी तिला वर बस म्हटलं. ती नको म्हणाली.

नाश्त्याला काय, पाणी किती वेळ येतं, असं थोडं बोलणं झालं. मग मी म्हटलं, "मी पुन्हा लिहिलेलं नाही काही."

"का?"

"तुझ्याशिवाय जमत नाही."

ती खाली बघत होती. मला वाटलं आता मॅडम म्हणेल. ती म्हणाली, "तुना सांगितलं ना, सतरंजीवर बसून. त्या दिसी मी घरी गेली आन रातभर झोपली. येवढ्या वर्सांत तेवढीच येकदा. मना वाटलं, चला, आता हे आपलं दोघींचं हाय, मी मेली तरी कुठंतरी हाय. तू ते बाजारात मांडलंस गो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हातारी जाताना पन विचारत होती, गारी थांबली का बघ." तिने कप उचलले. "मी तुना शिव्या घालीत नाय. पन तू येऊ नको. तू आलीस का मना ती दिसते."

मी उठले. तिने दारापर्यंत येऊन विचारलं की परत जायला एसटी आहे ना. मी आहे म्हटलं. एसटीला दीड तास होता. मी स्टँडवर बसून राहिले.

नंतर मी प्रकाशकाला कळवलं की तिसऱ्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून ते प्रकरण काढायचं. तो हबकला. वाचकांना तेच सगळ्यांत आवडतं, म्हणाला, पुस्तकाचा जीव आहे तो. मी म्हटलं, काढायचं नसेल तर पुस्तक छापू नका. बरीच ओढाताण होऊन त्याने मानलं. नवी आवृत्ती या वर्षी आली आहे. तिच्यात सुईण घाट चढते, धर्मशाळेत एक म्हातारा तिला पाणी देतो, ती पाणी पिते आणि साक्षीदाराच्या शोधात पुढे जाते. सांधा कुठे दिसत नाही. एका वाचकाने पत्र लिहून विचारलं की जुन्या प्रतीत इथे काही वेगळं होतं का. मी त्याला उत्तर दिलेलं नाही. वरश्यालाही मी हे कळवलेलं नाही.